राघू खाताना गप असतात

"गोफण हाय ती, पाळण्याची दोरी न्हाई! फिरीव की जोरात!" सासूबाई माळ्यावरून ओरडल्या.

मी फिरवली. सगळा जीव एकवटून डोक्यावरून गरगर फिरवली, एक दोरी सोडली, आणि मातीचा गोळा पुढं जायच्या ऐवजी नेमका मागं गेला. मागं औदुंबरअण्णांचं रान. तिकडून आवाज आला, "आरं कोण हाणतंय रं? मी काय पाखरू हाय व्हय?"

"आमची सून हाय," सासूबाईंनी सांगितलं. "डोकं सांभाळून ऱ्हावा आठ-पंधरा दिस."

मला असा राग आला! वाटलं, गोफण तिथंच टाकावी आणि सरळ माहेरची वाट धरावी. पण मग म्हातारी म्हणाली, "तुझ्यानं व्हायचं न्हाई गं ते. जा, नवऱ्याचे पाय चेपत बस." आणि माझं डोकंच फिरलं. मी दुसरा गोळा उचलला. आजही कुणी मला 'तुझ्यानं व्हायचं नाही' म्हणालं की माझं तसंच होतं. आता नातवंडं मुद्दाम म्हणतात आणि कामं करून घेतात माझ्याकडून, ती गोष्ट वेगळी.

याला पुष्कळ वर्षं झाली. मी लग्न होऊन सीना नदीकाठच्या या वस्तीवर आले, त्यानंतरचा तो पहिलाच हिवाळा. आमचं रान नदीला लागून. काठाला लव्हाळ्याचं बेट, मग बाभळींची रांग, मग विहीर, मग शाळू ज्वारी, आणि सगळ्यात वर रस्त्याकडेला आमचं घर. शाळवाच्या मधोमध चार मेढींवर बांधलेला माळा. त्या माळ्यावर माझ्या सासूबाई, केशरबाई, थंडीच्या दिवसांत उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत पाखरं राखत बसायच्या. त्यांच्या गोफणीचा फटका नदीपलीकडच्या गावात ऐकू जातो, असं लोक म्हणायचे.

पण त्या वर्षी घरात वेगळंच शिजत होतं. आमचे हे, म्हणजे दिगंबर, बैलगाडी पलटी होऊन पाय मोडून घेऊन बाजेवर पडले होते. पडल्या पडल्या माणसाला दुसरं काय सुचणार? ह्यांना ऊस सुचला.

"आजूबाजूच्या समद्यांनी ऊस लावला," हे म्हणाले. "शाळू ऱ्हायला कुणाचा? आपला आन् औदुंबरअण्णाचा. मग सगळ्या शिवारातली पाखरं येत्यात कुठं? आपल्याकडंच! उसाकडं पाखरू ढुंकून बगत न्हाई. राखण नको, गोफण नको, काय नको."

"माझ्या जिवात जीव हाय तवर ह्या रानात ऊस व्हायचा न्हाई," सासूबाई म्हणाल्या.

"आई, पाखरांनी सगळं खाल्ल्यावर काय माती खायची का?"

"खाऊ दिलं तर खात्याल ना?"

शेवटी मायलेकात ठरलं. यंदाचा शाळू पाखरांपासून राखून दाखवायचा. खळं भरलं तर पुढच्या सालीही शाळूच. नाही भरलं, तर बाभळी तोडायच्या, लव्हाळा पेटवायचा, नदीपर्यंत सगळं सपाट करून ऊस लावायचा. सासूबाईंनी चुलीपुढं हात ठेवून शब्द दिला आणि घेतला.

आणि मी कुणाच्या बाजूची? मी उसाच्या! मला काय पडलं होतं हो त्या शाळवाचं? थंडीत कुडकुडत माळ्यावर बसा, घसा फोडून ओरडा. त्यात सासूबाईंचा जाच. जाच म्हणजे काय, तर भलताच. मी पायातली जोडवी काढून ठेवली की भडकायच्या. "चोरावाणी येतीस गं. पायात जोडवी घाल, बांगड्या भरून घाल. माणूस आलेलं कळलं पायजे." घरातलं एकही भांडं इकडचं तिकडं झालेलं त्यांना चालायचं नाही. स्वतः मात्र रात्री दिवा न घेता घरभर फिरायच्या. रॉकेल वाचवते म्हातारी, असं आम्ही म्हणायचो.

मला माळ्यावर जावं लागलं ते राघूंमुळं.

कणसं चिकात होती, दाणा अजून दुधाळ. मी दुपारी भाकरी घेऊन रानात गेले, तर माळ्याच्या मावळतीकडच्या अंगाला शाळू हिरवागार हलतोय. वारा तर अजिबात नव्हता. जवळ जाऊन बघते तर राघू! एकेका कणसाला लोंबकळून खुशाल खातायत. आणि सासूबाई? त्यांच्याकडंच तोंड करून बसलेल्या. मांडीवर गोफण, शेजारी गोळ्यांची पाटी, आणि बाई अशी निवांत, की जणू पाहुण्यांना जेवायला बसवलंय.

मी किंचाळले. राघू केकाटत उडाले, तशी सासूबाईंनी विजेसारखी गोफण उचलली आणि हाणली. गोळा उडत्या थव्यातून गेला.

"आत्ता आल्याती मेली," त्या म्हणाल्या.

"आत्ता? आवो, निम्मा कोपरा खाल्ला की! तुमच्या डोळ्यांदेखत!"

त्यांनी भाकरी सोडली आणि खाऊ लागल्या.

मला वाटलं, बाईचं राघूंवर प्रेम आहे. औदुंबरअण्णांनीच सांगितलं होतं, की सासूबाईंनी एकदा घरट्यातून पडलेलं राघूचं पिल्लू पाळलं होतं, आणि ते उडून गेलं तेव्हा दोन दिवस जेवल्या नव्हत्या. म्हणून राघूंना मुद्दाम खाऊ देतात! बाकीच्यांना गोफण आणि लाडक्यांना पंगत! मी तसंच्या तसं घरी येऊन ह्यांना सांगितलं.

"म्हातारी कामातनं गेली," हे म्हणाले. "उद्यापास्नं तू जा."

तर अशी मी माळ्यावर गेले. आणि 'नवऱ्याचे पाय चेप' हे ऐकल्यावर ऊस असो की शाळू असो, ती गोफण शिकल्याशिवाय राहायचं नाही, असं मी मनाशी पक्कं केलं. हाताला फोड आले, फुटले, परत आले. दंड असा सुजला की चोळीची बाही उसवावी लागली. दुपारी पाखरं सावलीला गेली की मी नदीवर जायचे आणि वठलेल्या बाभळीच्या खोडावर गोळे मारत बसायचे. पाण्यावरचा खंड्या वैतागून दुसऱ्या काठाला गेला, पण मी हटले नाही.

एक दिवस सासूबाई मागून आल्या. बांधाच्या कडेकडेनं, कुंपणाच्या कुपाटीला हात लावत लावत. मी गोफण फिरवत होते.

"उशिरा सोडतीस," त्या म्हणाल्या.

"तुम्ही कवा बघितलं?"

"बगायचं काय त्यात? आवाज ऐक की. दोरी आधी हुक् हुक् करती. मग एकसुरी हूं लागतो. तो लागला रं लागला की सोडायची. तू हूं संपल्यावर सोडतीस."

मी कान देऊन फिरवली. हुक्, हुक्, हूं. सोडली. गोळा खोडावर फुटला. मी आनंदानं ओरडले. सासूबाई पहिल्यांदा हसल्या, पण हसल्या त्या खोडाकडं बघून, माझ्याकडं नाही.

"आता तुझ्याकडनं पाखरू मरायचं न्हाई, पर भिईल तरी," त्या म्हणाल्या. हे त्यांचं कौतुक!

मग पौष लागला आणि भोरड्या आल्या. ज्यांनी भोरड्या बघितल्या नाहीत त्यांना काय सांगायचं? अंगानं गुलाबी, डोकं-पंख काळे, दिसायला साळुंकीची बहीण. एकटी असली तर गोड वाटेल. पण ती एकटी कधी येतच नाही. आभाळ हलावं तसा थवा येतो, रानात उतरतो, आणि उठतो तेव्हा खाली नुसती धाटं राहतात. रात्री त्या आमच्याच बाभळींवर आणि लव्हाळ्यात मुक्कामाला असायच्या.

चार दिवस आम्ही दोघींनी त्यांना टेकू दिलं नाही. कणसं आता भरत आली होती. अजून थोडे दिवस निभावले की काढणी. हे बाजेवरून रोज विचारायचे, "ऱ्हायलंय का काय?" आणि मी म्हणायचे, "ऱ्हायलंय." तोवर मला ऊसही नको झाला होता आणि शाळूही. मला फक्त हरायचं नव्हतं.

आणि एका सकाळी धुई पडली.

अशी धुई मी जन्मात पाहिली नव्हती. नदीतून पांढरं वर आलं आणि रान गिळून बसलं. घरातून निघाले तर माझा मलाच हात दिसेना. चाचपडत, दोनदा पडत माळ्यापाशी पोचले. सासूबाई माझ्या आधीच चढून बसल्या होत्या.

"कशा आलात हो तुम्ही?"

"रोजच्यासारखी. चढ वर, जाग्या व्हायला लागल्यात."

बाभळीकडून आवाज येऊ लागला. आधी एक-दोन, मग पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा सगळा किचकिचाट. मग एकदम सूं करून डोक्यावरून काहीतरी गेलं आणि वारा तोंडावर लागला. भोरड्या! आणि दिसत एक नव्हती.

"गेलं!" मी म्हणाले. "सगळं गेलं आत्याबाई. आता काय करायचं? काय दिसतच न्हाई!"

"तुला बगायला कुणी सांगितलंय? हिरीच्या पल्याड उतरल्यात. सोड."

"पण..."

"सोड म्हणते न्हवं?"

मी विहिरीच्या रोखानं गोळा सोडला.

"अलीकडं पडला. आजून पल्ला दे. हां. आता उठल्या." त्यांनी मान वळवली. "वळल्या. बांधाकडनं येत्यात. थांब. थांब वाईच. आता!"

मी हाणला. पांढऱ्यातून पंखांचा फडफडाट झाला आणि दूर गेला.

पलीकडून औदुंबरअण्णांची रडकुंडीला आलेली हाक आली. "केशरवैनीऽऽ, कुटं हाईत गं ह्या? मला तर काईच दिसंना!"

"तुमच्या डोस्क्यावर हाईत! उगवतीला हाणा! भावजी, उगवतीला! ती मावळत झाली!"

"आगं पर उगवत कुटं हाय आता?"

"बैलं कुटं बांदल्यात? त्येंच्याकडं!"

इतक्या धास्तीतही मला हसू फुटलं. आणि मग आम्ही तिघं सुरू झालो. सासूबाई मधे उभ्या, एक हात मेढीला धरून, तोंड वर करून. "लवाळ्याच्या कडंला." मी हाणायची. "भावजी, तुमच्याकडं वळवल्या, घ्या." अण्णा हाणायचे. भोरड्या उतरू बघायच्या, आणि उतरायच्या आत गोळा तिथं हजर. मधेच त्यांनी माझ्या हातून गोफण हिसकावून घेतली, स्वतः फिरवली, आणि असा फटका उडाला की माझे कान बधिर झाले. खांद्यात माझ्या आग पेटली होती. गोळे संपले तर मी खाली उतरून ढेकळं गोळा केली, ढेकळं संपली तर डबे बडवले. पण थांबले नाही. थांबायचा विचारसुद्धा मनात आला नाही. त्या म्हणतील तिथं हाणायचं, एवढंच कळत होतं.

किती वेळ चाललं कोण जाणे. हळूहळू किचकिचाट उंच गेला, लांब गेला, नदी ओलांडून गेला. धुई पातळ झाली. आधी बाभळीचे शेंडे दिसले, मग विहिरीवरची मोट, मग शाळू. उभा होता! कणसं जागेवर होती! मी वेड्यासारखी हसायला लागले. तेवढ्यात सूर्य वर आला आणि सगळं रान लख्ख झालं.

"गेली सगळी," सासूबाई म्हणाल्या. चेहरा नुसता फुलला होता. "रान मोकळं झालं. ऐक कसं गप झालंय."

मी त्या बघत होत्या तिकडं बघितलं. माळ्याच्या अगदी समोर, काठी लांब केली तर पोचेल एवढ्यावर, राघू बसले होते. कणसाकणसाला एक. मान वाकडी करून दाणे काढत होते. आवाज काही नाही. आणि माझ्या सासूबाई त्यांच्याकडं तोंड करून समाधानानं हसत होत्या. ऊन सरळ त्यांच्या डोळ्यांत शिरत होतं आणि त्यांची पापणी हलत नव्हती.

जोडवी, बांगड्या, जागचं न हलवायचं भांडं, रात्रीचा न लावलेला दिवा, सगळं एकदम समोर आलं.

"आत्याबाई," मी म्हणाले, "समोर राघू बसलेत."

त्यांचं हसू तसंच राहिलं आणि मग हळूहळू गेलं.

"लई हाईत का?"

"लई हाईत."

"मग हाण की. बगत काय बसलीस?"

मी हाणलं. राघू केकाटत उठले आणि सासूबाईंनी त्या आवाजामागून मान फिरवली, तो नदीपार जाईपर्यंत. मग त्या माळ्यावर खाली बसल्या.

"राघू खाताना गप असत्यात," त्या म्हणाल्या. "चिमणी बोलती, होला बोलतो, भोरडी तर भांडतच खाती. येवढा राघूच मुका बसून खातो बग. त्येनंच मला उघडं पाडलं."

"कवापास्नं हो?"

"दोन वर्षांमागं डोळ्यांच्या शिबिराला गेलते, एकटीच. काचबिंदू म्हणला डागदर. गेलं ते परत यायचं न्हाई. तवा सावली दिसायची. गेल्या दिवाळीपास्नं तीबी न्हाई."

"आणि घरात कुणालाच सांगितलं न्हाई?"

"सांगून? दिगू कोपऱ्यात बसवंल. 'आई, उठू नको, आई, पडशील.' ताटात भाकरी कुस्करून देत्याल. मला न्हाई जमायचं ते."

मला रडू यायला लागलं आणि रडू आलं की मला राग येतो. "मग ऊस तरी लावू द्यायचा ना!" मी म्हणाले. "राखणच उरली नसती. कुणाला कधी कळलंच नसतं. हे कशापायी जिवाला लावून घेतलं तुम्ही?"

"आन् मला सकाळ झालेली कुणी सांगायचं गं?"

मी गोफणीची दोरी बोटाला गुंडाळत बसले.

"साळुंकी बोलली की मला उजाडतं," त्या म्हणाल्या. "होला घुमला की ऊन वर आलं. दसरा झाला की धोबी पाखरू येतं नदीवर, चिट् चिट् करत, मग मी गोधड्या काढते. टिटवी वाळूत वरडायला लागली की उन्हाळा. पावशा आला की पेरणी. हिरीवरच्या बाभळीत सुगरणींचा कालवा सुरू झाला की पाऊस जमलाय. माझं समदं हितंच हाय बग, लवाळ्यात, बाभळीत, शाळवात. बाभळी तोडून, लवाळा पेटवून उसाचं रान केल्यावर काय वाजणार? नुसती पाती. मग मला रात कुटली आन् दिस कुटला?"

"मग हाकलता कशाला त्यांना एवढं?"

"हाकललं न्हाई तर खळं भरंल का? खळं भरलं तरच दिगू शाळू ठेवंल. आन् शाळू ऱ्हायला तरच ती उद्या परत येत्याल." त्यांनी चाचपून माझा हात धरला. फोडांवरून बोट फिरवलं. "दिगूला सांगू नगंस, मुद्रिके."

त्यांनी मला नावानं हाक मारलेली ती पहिलीच वेळ.

"न्हाई सांगत," मी म्हणाले. "पण एक अट आहे. राघू माझे. तुम्ही त्यांच्याकडं बघायचं न्हाई."

त्या खो खो हसल्या. "बरं बाई. राघू तुझे, बाकी रान माझं."

काढणीपर्यंत आम्ही तसंच राखलं. एक कणीस वाया जाऊ दिलं नाही म्हणणार नाही, पण खळं भरलं. हे काठी टेकत टेकत खळ्यापर्यंत आले आणि राशीतले मूठभर दाणे उचलून बघू लागले.

"शब्द तो शब्द," हे म्हणाले. "पण पुढच्या साली राखण कुणी करायची? आई आता थकली."

"आम्ही दोघी करणार," मी म्हणाले.

"दोघी कशाला? एक माणूस पुरतं की."

"न्हाई पुरत. माळ्याला दोघी लागत्यात. मला विचारा, मी बसलीय." हे मान डोलावून परत राशीकडं वळले. मागं सासूबाई पाटी पालथी घालून बसल्या होत्या, त्या गालात हसल्या.

आमच्याकडं काढणीत एक रीत आहे. शेवटच्या दोन-चार काकऱ्या, म्हणजे पिकाच्या ओळी, पाखरांसाठी उभ्या सोडायच्या. त्या नेहमी नदीकडंच्या सोडतात. खळं भरायच्या आधीच, काढणीच्या शेवटच्या दिवशी मी माणसांना सांगितलं होतं, नदीकडंचा सगळा कापा, आणि घराला लागून आहे तो ठेवा.

"दारात?" हे खेकसले. "डोकं फिरलं का तुझं? सगळ्या अंगणात घाण करत्याल! झोपू द्यायची न्हाईत सकाळी!"

"न्हाई झोपू दिलं तर न्हाई," मी म्हणाले आणि जागची हलले नाही. माणसं एकदा ह्यांच्याकडं बघत, एकदा माझ्याकडं. मग त्यांनी विळे घेतले आणि नदीकडं गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे भिंतीबाहेर पहिली साळुंकी बोलली. मग दुसरी. मग चिमण्यांनी जो गलका केला, त्यात ह्यांनी गोधडी डोक्यावरून ओढून घेतली आणि माझ्या माहेरच्यांचा उद्धार केला. पलीकडच्या बाजेवर सासूबाई उठून बसल्याचं मला अंधारात ऐकू आलं.

"मुद्रिके," त्यांनी हाक मारली. "ऊठ. उजाडलं. राघू आलेत का तेवढं बघ."

मी जोडवी वाजवत गेले, दार उघडलं आणि बघितलं.

"आलेत," मी सांगितलं.